शंभर टक्के विज्ञान-अचूक

श्री. समाधान कचरू हिवराळे यांना चुका सापडत. हा आजार नव्हता, नोकरी होती. खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत चौथ्या मजल्यावर ते टेस्टर होते. दुसऱ्यांनी मेहनतीनं लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये खोट काढायची, तिला क्रमांक द्यायचा आणि ज्यानं ती केली त्याला सर्वांच्या देखत कळवायचं, याबद्दल त्यांना दरमहा पगार मिळे. संध्याकाळी कंपनीची बस त्यांना विश्रांतवाडीच्या चौकात सोडत असे. आधी माणूस उतरे, आणि त्याच्या मागोमाग त्याची नोकरीही उतरे. कथेच्या सोयीसाठी त्याला आपण यापुढे नुसतं समाधान म्हणू. नावाचा आणि स्वभावाचा संबंध कोणी लावू नये, त्याच्या बायकोनंही तो नाद केव्हाच सोडला होता.

त्याचा खास राग गोष्टींमधल्या विज्ञानावर होता. मासिकातली कथा वाचताना इतर माणसं नायिकेचं पुढं काय होतं ते बघतात. समाधान पेन्सिल घेऊन बसे. चूक सापडली की संपादकाला पत्र जाई. अशी एकोणतीस पत्रं आजवर छापून आली होती. त्याचे वडील कचरूजी मूर्तिजापूरला रेल्वेत गँगमन होते, निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे आले होते. त्यांनी प्रत्येक पत्र कापून एका वहीत चिकटवलं होतं. एकोणतिसावं चिकटवताना डिंकाचं बोट पुसत ते म्हणाले, "हे तं समद्या दुसऱ्यायच्या चुका झाल्या. तुह्यं सोताचं काई छापून येते का नाई?"

हा प्रश्न समाधानला लागला. कारण त्याच्या कपाटात स्वतःची एक कथा होती. सोळा पानांची. अकरा वर्षांत तिचे तेवीस खर्डे झाले होते. मंगळावर ज्वारीचं पहिलं पीक घ्यायला एकटाच गेलेला एक मुलगा, आणि पृथ्वीवर मागं राहिलेला त्याचा बाप. कचरूजींना ती त्यानं चारदा वाचून दाखवली होती आणि चारही वेळा म्हातारा शेवटी चष्मा पुसत बसला होता. घराबाहेर मात्र ती कुणी पाहिली नव्हती. समाधानला आयुष्यात एकच गोष्ट मनापासून हवी होती: ती कथा छापून यावी, तिच्या डोक्यावर त्याचं नाव असावं, आणि ते पान बापानं त्या वहीत चिकटवावं.

संधी आली ती दोन हजार पाच सालच्या दिवाळीनंतर. 'लखलखाट' नावाच्या दिवाळी अंकात एक विज्ञानकथा आली होती. तिच्यात अंतराळयान 'धडाम्' असा आवाज करून फुटत होतं, आणि नायिका नायकाची चार प्रकाशवर्षं वाट पाहत होती. निर्वात पोकळीत आवाज होत नाही आणि प्रकाशवर्ष हे वर्ष नसून अंतर आहे, हे समाधाननं चौदा पानांत समजावून सांगितलं. उत्तरादाखल पोस्टकार्ड आलं: 'आपले पत्र मिळाले. आमची कथा नऊ पानी होती. भेटावे. दुपारी एक ते चार येऊ नये.'

'लखलखाट'चं कार्यालय म्हणजे कसबा पेठेतला एक छापखाना. अकरा महिने तिथं लग्नपत्रिका छापत आणि बाराव्या महिन्यात साहित्य. मालक आणि संपादक रावसाहेब करडे एका पत्रिकेवरचा गणपती सरळ करत बसले होते.

"बसा," ते म्हणाले. "खुर्ची किती वजन पेलते याचं गणित केलेलं नाही. स्वतःच्या जबाबदारीवर बसा."

समाधान बसला.

"तुमचं पत्र वाचलं. म्हणजे वजन करून पाहिलं. आमच्या समोरच्या चिवडेवाल्याला मागच्या महिन्यात गुणवत्तेचं प्रमाणपत्र मिळालं, माहीत आहे? पलीकडच्या लाँड्रीला मिळालं. शर्टाचं बटण तेच तोडतात, पण आता प्रमाणित पद्धतीनं तोडतात. दिवाळी अंकच तेवढे मागे राहिलेत. मुखपृष्ठावर नुसती बाई आणि पणती छापून आता भागत नाही. शिक्का लागतो."

"कसला?"

रावसाहेबांनी खणातून एक गोल शिक्का काढून कागदावर उमटवला. 'शंभर टक्के विज्ञान-अचूक.'

"शिक्का तयार आहे," ते म्हणाले. "आता अचूकता तेवढी हवी आहे. ती तुम्ही द्या."

समाधानचा आनंद पोटात मावेना. तरी त्यानं घसा साफ केला. "माझी स्वतःची एक कथा आहे."

"वाटलंच होतं."

"सोळा पानी."

"तुमच्याच तपासणीतून पास करून आणा. सोळा काय, नावाचं सतरावं पान देतो."

समाधान घरी आला तो हवेतच. त्या रविवारी त्यानं वि.अ.त.-१ हा नमुना तयार केला. पूर्ण नाव: 'ललित साहित्यातील विज्ञानाच्या अचूकतेच्या तपासणीचा अर्ज.' रकाने सात. चूक क्रमांक, पान, ओळ, तीव्रता (किरकोळ, गंभीर, अतिगंभीर), अपेक्षित परिणाम, प्रत्यक्ष परिणाम, आणि ऑफिसच्या सवयीनं सातवा: 'चूक पुन्हा घडवून पाहण्याचे टप्पे.' एकाही चुकीची नोंद बंद झाल्याशिवाय कथा छापायची नाही, हा नियम क्रमांक एक. ज्यानं लिहिलं त्यानं स्वतःचं तपासायचं नाही, हा नियम क्रमांक दोन. दोन्ही नियम जगभरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत आहेत आणि तिथं ते कोणीही पाळत नाही. समाधाननं पाळायचं ठरवलं.

पुढच्या जूनमध्ये नव्या अंकाच्या कथा येऊ लागल्या. पहिल्या तीन विज्ञानकथांवर काम झकास झालं. एकीत पुन्हा अंतराळातला स्फोट होता. सातव्या रकान्यात समाधाननं लिहिलं: 'अंतराळात जावे. स्फोट घडवावा. कान द्यावा.' लेखकानं आवाज काढून टाकला. मग समाधाननं विचारलं की आवाज नाही तर नायक दचकला कशानं. लेखकानं दचकणं काढलं. दचकला नाही तर मागे वळायचं कारण उरत नव्हतं, आणि मागे वळला नाही तर त्याला नायिका दिसत नव्हती. लेखकानं कथा परत मागवली. दुसऱ्या लेखकाच्या कथेत कालयंत्र होतं. 'यंत्राची चाचणी यशस्वी झाल्याचा दाखला जोडावा' असा शेरा गेल्यावर त्याचा फोन आला नाही. तिसऱ्यानं स्वतःहून कळवलं की तो आता पाकक्रिया लिहिणार आहे.

विज्ञानकथा संपल्या. पण शिक्का संपला नव्हता. 'शंभर टक्के' म्हणजे शंभर टक्के. अंकातल्या बाकीच्या कथांचं काय? सामाजिक, कौटुंबिक, ग्रामीण, हृदयस्पर्शी? समाधाननं त्याही मागवल्या आणि त्याच्या लक्षात आलं की खरा रोग इथंच आहे. मराठी भाषेत विज्ञानाची जी हेळसांड चालली होती ती पाहून त्याला हुरूप आला.

'सूर्य मावळला.' गंभीर. सूर्य जागचा हलत नाही. पृथ्वी फिरल्यामुळे निरीक्षकाला तो दिसेनासा झाला, असे हवे. 'त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.' अतिगंभीर, कवटी अपारदर्शक असते. 'तिच्या डोळ्यांतून आग बाहेर पडत होती.' तापमान नमूद नाही. 'तो वाऱ्यासारखा पळाला.' कोणत्या दिवशीच्या? 'तिच्या पायाखालची जमीन एकदम सरकली' हे वाक्य मात्र जवळजवळ उत्तीर्ण झालं, कारण भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकतोच. फक्त 'एकदम' हा शब्द काढायला लावला.

सोजरबाई थोरवे या मांजरी गावाकडच्या जुन्या लेखिका. गावच्या बायकांच्या कथा लिहीत. त्यांच्या कथेत मुलाची वाट पाहणारी एक आई होती, आणि वाक्य होतं: 'ओसरीवर पोराचं पाऊल वाजलं आणि तिच्या काळजाचा ठोका चुकला.' समाधाननं त्यांना फोन केला.

"बाई, काळीज म्हणजे यकृत. शब्दकोशात आहे. यकृताला ठोका नसतो."

"तुमच्या नसंल," सोजरबाई म्हणाल्या.

"वैद्यकशास्त्रानुसार कुणाच्याच—"

"मग काय लिवू? पोराला बघून तिचं यकृत हाललं?"

"यकृतही हलत नाही. 'हृदयाचे ठोके मिनिटाला बहात्तरावरून एकशे दहावर गेले' असं चालेल. मोजले कुणी, तेवढं द्या."



"हे बघा, मी चाळीस वर्सं लिवती हाय. एकाबी बाईनं आजवर इचारलं न्हाई, ठोका कुठनं आला म्हणून. ज्येला काळीज हाय त्येला कळतं. माझी गोष्ट माघारी धाडा, पोस्टाची तिकटं मी देते."

समाधाननं फोन ठेवला आणि कथा पाकिटात घातली. खरं सांगायचं तर ते वाक्य वाचताना त्याच्याही आत काहीतरी चुकलं होतं. पण अर्जात त्यासाठी रकाना नव्हता.

अशात ऑगस्टच्या चोवीस तारखेला प्रागमध्ये जगभरचे खगोलशास्त्रज्ञ जमले आणि त्यांनी मतदान करून प्लुटोला ग्रहांच्या यादीतून काढून टाकलं. वर्तमानपत्रात बातमी वाचून लोक चहा प्यायले. समाधानला चहा गेला नाही. त्यानं आधी पास केलेल्या सहा कथांपैकी चारांत 'नऊ ग्रह' असा उल्लेख होता. एकीत तर नायकाचं नाव नवग्रहांवरून ठेवलं होतं. चारही नोंदी पुन्हा उघडल्या. लेखकांना पत्रं गेली. त्यातल्या एकानं उलट विचारलं की उद्या परत मतदान झालं तर काय करायचं. त्यालाही समाधाननं 'प्रलंबित' म्हणून नोंदवलं.

ते कागद घेऊन तो कसबा पेठेत गेला तेव्हा रावसाहेब अंकाची पानं मोजत होते. दोनशे पानांच्या अंकात छापण्याजोगी एकोणचाळीस उरली होती. त्यातली आठ चकलीची होती.

"अजून एक राहिलंय," समाधान म्हणाला. "वार्षिक राशिभविष्य. तुमच्या शास्त्रीबुवांचं. सोळा पानं आहेत. त्यात तर सूर्यालाही ग्रह म्हटलंय, चंद्रालाही. राहू आणि केतू अस्तित्वातच नाहीत. मी अर्ज भरून आणलाय. एकशे चव्वेचाळीस अतिगंभीर."

रावसाहेबांनी अर्ज हातात घेऊन त्याचं फक्त शीर्षक वाचलं. "हे कुणी लिहिलं? 'ललित साहित्यातील विज्ञानाच्या अचूकतेच्या तपासणीचा अर्ज.'"

"मी."

"भविष्य ललित आहे का?"

समाधाननं शीर्षक स्वतः पुन्हा वाचून पाहिलं.

"आमच्या अनुक्रमणिकेत ते 'माहितीपर' मध्ये येतं. खाली सराफाची जाहिरात आहे. पानोपानी आहे. आणि बघा, शास्त्रीबुवांच्या नऊ ग्रहांत प्लुटो कधी नव्हताच. प्रागमध्ये काय वाट्टेल ते झालं तरी त्यांचे नवाचे नऊ. तुमच्या सगळ्या लेखकांत अचूक निघाले ते तेवढेच. तुमचा अर्ज कक्षेबाहेर आहे, परत घ्या."

इथं समाधाननं भांडायला हवं होतं. ज्या बापानं छप्पन साली, सोळाव्या वर्षी, नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, त्याचा तो मुलगा. पण त्याला स्वतःची सोळा पानं दिसत होती आणि संपादकाशी बिघडवून ती छापली जाणार नव्हती. त्यानं अर्जाची घडी केली. कक्षेबाहेर तर कक्षेबाहेर.

आता त्याच्या स्वतःच्या कथेची पाळी आली. नियम क्रमांक दोन आड आला, म्हणून तपासणीचं काम शर्मिलाकडे गेलं. शर्मिला त्याची बायको. सरकारी नोकरीत होती, भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाली होती आणि गेली नऊ वर्षं मालिका बघताना नवऱ्याच्या शेजारी बसत होती. तिनं अर्ज घेतला, पेन्सिलीला टोक केलं आणि एका रविवारी सकाळी बसली. बाराच्या सुमारास तिनं बाहेर येऊन यादी टेबलावर ठेवली.

"एकसष्ट," ती म्हणाली.

"काय?"

"किरकोळ धरून. अहो, तुमचा हिरो मंगळावर शीळ घालत फिरतो. तिथल्या हवेचा दाब आपल्या एक टक्कासुद्धा नाही. पान तीन, संध्याकाळ तांबूस. मंगळावर मावळतीला सूर्याजवळचं आकाश निळसर दिसतं. 'मावळतीला' हा शब्द मी वापरला, माझीही एक नोंद करा. पान सात, ज्वारी. त्या मातीत विषारी क्षार असतील तर? पान अकरा, तो हेल्मेट काढून डोळे पुसतो. काढलं तर डोळ्यांतलं पाणी उकळेल. मग पुसायचं काय?"

"शर्मिला, तिथं त्याला बापाची आठवण येते गं."

"असेल. रकाना कुठाय?"

समाधान चिडला नाही. चिडायला तोंड नव्हतं. तिच्या एकसष्ट नोंदींतली एकही खोटी नव्हती. त्यानं महिनाभर एकेक चूक दुरुस्त केली. शीळ गेली. रडणं गेलं. ज्वारी गेली, म्हणून मुलाला मंगळावर जायचं कारण गेलं. मुलगा गेला नाही म्हणून बाप एकटा पडला नाही. शेवटी कथेत वातावरणाच्या दाबाचा एक तक्ता आणि एक सुखी कुटुंब एवढंच उरलं. कचरूजींनी ते वाचून कागद परत दिला. "हे कोणाचं हाये?" त्यांनी विचारलं. समाधाननं तेविसावा खर्डा परत कपाटात ठेवला आणि यादीवर स्वतःच्या हातानं 'नापास' लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा चूक सापडल्याचं त्याला वाईट वाटलं. रडावंसं वाटलं, पण घरी सगळे होते.

दोन दिवसांनी रावसाहेबांचा फोन आला. "तुम्ही संगणकवाले आहात ना? ताबडतोब या."

झालं होतं असं, की शास्त्रीबुवा सुनेच्या बाळंतपणासाठी मुलाकडे न्यू जर्सीला गेले होते. व्हिसा कधी मिळेल हे त्यांना आधी कळलं नव्हतं, त्यामुळे भविष्य लिहायचं राहिलं होतं. जूनमध्ये दिलेला होता तो नुसता कच्चा मसुदा. पक्कं भविष्य त्यांनी तिथून ई-मेलनं पाठवलं. पण त्यांच्या मुलाच्या संगणकातला मराठी फॉन्ट वेगळा आणि छापखान्यातला वेगळा. पडद्यावर मेष राशीपुढे एकवीस चौकोन होते, वृषभेपुढे प्रश्नचिन्हांची रांग, आणि कन्येपुढे कुठूनतरी दोन डॉलर आले होते.

"शास्त्रीबुवांनी यंदा सगळ्या राशींना प्रश्नचिन्हच दिलंय," रावसाहेब म्हणाले. "मला पटतंय. सराफ ऐकायचा नाही."

समाधाननं सात फॉन्ट लावून पाहिले. चौकोनांचे नुसते त्रिकोण झाले.

"कच्चा मसुदा छापा मग."

"तो तुम्हीच तपासायला नेला होतात. त्यावर एकशे चव्वेचाळीस शेरे आहेत, लाल शाईनं. ऑपरेटरला खालचं अक्षर दिसत नाही." रावसाहेब खुर्चीत मागे टेकले. "परवा अंक बांधणीला जायचाय. बाकीची पानं जाहिरातींनी भरली, ही सोळा कोरी. सोळा... तुमची कथा किती पानी होती हो?"

"सोळा. पण ती नापास झाली. एकसष्ट चुका."

"कशात नापास?"

"ललित म्हणून."

"मग ललित म्हणू नका. आहे कशाबद्दल ती?"

"मंगळाबद्दल."

रावसाहेबांनी चष्मा काढला. "अहो, मंगळाबद्दल? मग इतके दिवस बोललात का नाही?"

"ती गोष्ट आहे रावसाहेब. एक मुलगा मंगळावर जातो."

"जातो नाही. जाईल. तुमचं सगळं दुखणं त्या भूतकाळात आहे. 'त्यानं शीळ घातली' म्हटलंत की तुमची बायको हवेचा दाब विचारते. 'आपण शीळ घालाल' म्हणा. कोण तपासणार? पुढच्या दिवाळीपर्यंत मुदत आहे. भूतकाळात लिहिलं तर चूक, भविष्यकाळात लिहिलं तर भविष्य. व्याकरणाचा प्रश्न आहे."

समाधानला लाज वाटली. ही फसवणूक आहे हे त्याला कळत होतं, आणि त्याहून लाजिरवाणं म्हणजे यातला तर्क बिनचूक आहे हेही कळत होतं. पडताळून पाहता येत नाही तिथं नोंद करता येत नाही. त्याच्याच कंपनीचा नियम. पण खरं कारण हे नव्हतं. त्याला छापून यायचं होतं. अकरा वर्षं झाली होती.

"माझं नाव?" त्यानं विचारलं.

"आहे की. तपासनीस म्हणून. अनुक्रमणिकेच्या खाली, चौथी ओळ."

काम एका दुपारी झालं. संगणकावर 'तो'च्या जागी 'आपण' आणि 'गेला'च्या जागी 'जाल' असे बदल एकदम होतात. सोळा पानांचे बारा तुकडे पडले. प्रत्येकावर राशीचं चित्र बसलं, खाली सराफाचा हार. मीन राशीच्या शेवटी जागा कमी पडली तेव्हा ऑपरेटरनं चार ओळी उडवल्या. मुखपृष्ठावर शिक्का बसला आणि दसऱ्यानंतर 'लखलखाट' मंडईपासून खराडीपर्यंत पसरला.

पहिल्या आठवड्यात पंचावन्न पत्रं आली. नोव्हेंबर संपता संपता दोनशेच्या वर गेली. इतकं अचूक राशिभविष्य आजवर वाचलं नव्हतं, असा एकूण सूर होता. शिक्का उगीच नाही, असंही बऱ्याच जणांनी म्हटलं होतं. काय लिहिलं होतं याची कल्पना यावी म्हणून थोडं इथं देतो.

'वृषभ: घरापासूनचे अंतर वाढेल. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर उशिरा येईल, पण येईल.' यावर एका बाईंनी लिहिलं होतं की मुलगा टेक्सासला आहे आणि हे अगदी खरं आहे. 'मिथुन: घराबाहेर असताना डोक्यावरचे क्षणभरही काढू नये.' डेक्कनवरचे एक गृहस्थ आयुष्यभर हेल्मेटच्या विरोधात होते. हे वाचून त्यांनी भीतीनं ते घातलं आणि चौथ्याच दिवशी रिक्षाला धडकून पडले. त्यांनी पेढे पाठवले. 'सिंह: वर्षाच्या मध्यावर वजन निम्म्याहून कमी झाल्यासारखे वाटेल.' कोथरूडच्या एका व्यायामशाळेनं या ओळीची मोठी पाटी केली. 'तूळ: माती वरून चांगली दिसली तरी दगा देईल.' वाघोलीत प्लॉट घेणाऱ्या तिघांनी इसार परत मागितला. तक्रारीचं पत्र एकच होतं, सदाशिव पेठेतून. कर्केत 'धूळ' शब्दातला धू ऱ्हस्व छापला गेला आहे, असं त्यात म्हटलं होतं.

खराडीला चौथ्या मजल्यावर तर झेरॉक्स फिरत होत्या. बावीस इंजिनिअर, त्यातले तीन परदेशात शिकलेले. कल्याणी नावाची नवी मुलगी समाधानच्या शेजारी बसे. ती म्हणाली, "सर, आय डोन्ट बिलीव्ह इन ऑल धिस हं, पण माझं पूर्ण मॅच झालं. तुम्ही एडिटरला ओळखता ना? नेक्स्ट इयरचं आधी मिळेल का?" मॅनेजरनं एका अमेरिकन बँकेच्या कामाची तारीख दोन आठवडे पुढं ढकलली, कारण त्याच्या राशीत 'यान घाईने सोडू नये' असं होतं. समाधाननं त्या कामात चाळीस चुका काढल्या होत्या, त्यासाठी तारीख एक दिवसही हलली नव्हती.

दोनशे पत्रं लिहिणाऱ्यांपैकी प्रत्येकानं बारापैकी एक तुकडा वाचला होता. स्वतःचा. पूर्ण कथा वाचलेला माणूस पुण्यात एकच निघाला.

कचरूजींनी अंक दोन दिवस जवळ ठेवला. मेष ते मीन, क्रमानं, भिंग लावून वाचलं. समाधान समोर बसून राहिला. आपलं छापून आलं हे बापाला सांगायचं त्यानं धाडस केलं नव्हतं, पण म्हाताऱ्यानं दुसऱ्याच राशीला ओळखलं होतं.

"म्या छप्पन साली घरातलं पंचांग विहिरीत टाकलं होतं," ते अखेर म्हणाले. "तू पन्नास वर्सानं काढून आनलं. वरून शिक्का बी मारला."

समाधाननं मान खाली घातली.

"गोष्ट चांगली हाये. मले पैलेही आवडत होती. पन शेवटी तो पोरगा एकटाच काऊन पडते? ते बापाचं उत्तर येत होतं ना?"

त्या उडवलेल्या चार ओळी होत्या. मुलगा मंगळावरून विचारतो, 'बाबा, जेवलात का?' प्रश्न पृथ्वीवर पोचायला वीस मिनिटं लागतात, उत्तर परत यायला वीस. तेवढा वेळ तो बसून राहतो. मग आवाज येतो, 'जेवलो. तू?' शर्मिलाच्या यादीत फक्त त्या चार ओळींवर एकही नोंद नव्हती. पूर्ण कथेत शंभर टक्के अचूक होतं ते तेवढंच, आणि सराफाच्या हारासाठी गेलं होतं ते नेमकं तेवढंच.

"जागा नव्हती बाबा," समाधान म्हणाला. कचरूजींनी चिकटवायची वही उघडली, जरा वेळ अंकाकडं पाहिलं, आणि काही न चिकटवता मिटली.

प्रस्तुत हकिकतीतलं विज्ञान नियमाप्रमाणे तपासून घेतलं आहे. वाचकांच्या सोयीसाठी वर चार राशींचा मजकूर दिला, बाकीच्यांचा जागेअभावी गाळला. आपण सुशिक्षित आहात, असल्या गोष्टींवर आपला काडीचा विश्वास नाही, हे गृहीत धरलं आहे. तरीही त्या चारांत आपली रास नाही हे लक्षात येऊन मघाशी आपला जरासा हिरमोड झाला, आणि ज्यांची होती त्यांनी ती ओळ दोनदा वाचली, त्याची नोंद वेगळी ठेवली आहे. तीव्रता: किरकोळ. पुन्हा घडवून पाहण्याचे टप्पे लिहायची गरज वाटली नाही.